आईचा बटवा आणि तुझा एक फोन

बडोदा, जूनचा पहिला आठवडा

शुभे,

होळीपासून तुला नीट असं लिहिलंच नाहीये, ग्रुपवर नुसते अंगठे आणि हसरे चेहरे. तब्येती ठीक. माझं थायरॉईड आहे तिथेच आहे, ह्यांचा गुडघा पाऊस सुरू झाला की कुरकुरणार. बस. आता मुद्द्यावर येते, कारण हे इथे कुणाला सांगायला गेलं की म्हणतात नीला तू फार विचार करतेस, आणि तू तसं म्हणणार नाहीस. पावागडला माचीच्या वर त्या रात्री तू माझ्या शेजारी होतीस.

परवा रात्री इथे वळवाचा पाऊस झाला, चांगला वाऱ्यासकट, आणि आई राहते त्या समाकडची लाइट गेली. मी मांजलपूरहून आईला फोन लावला तर बाई अंधारात पलंगावर बसलेली. म्हटलं मी पुरासाठी भरून दिलेला तो बटवा कुठाय? खुंटीला. कुठल्या खुंटीला? देवघरातल्या. म्हणजे मधे अख्खी खोली, उंबरठा, ती तीन पायांची तिवई जिला तू पण दोनदा धडकलीयस, आणि टॉर्च त्या बटव्यात! मी काही बोलायच्या आत म्हणाली, "येईल गं लाइट, बसलेय की मी." तेव्हापासून मला झोप नाही.

२०२४ च्या जन्माष्टमीचं तुला मी फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतं, सगळं नव्हतं सांगितलं. आजवा धरण भरलेलं, विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेलेली, आणि आई तळमजल्यावर. वरच्या भाभींनी "मासी, मासी" करत तिला गच्चीवर नेलं म्हणून ती वाचली, हे तुला माहितीये. पण वर गेल्यावर काय झालं ते ऐक. अंधार, पाऊस थांबायचं नाव नाही, आईचा फोन पर्समध्ये भिजून बंद, बीपीच्या गोळ्या खाली किचनच्या ड्रॉवरमध्ये म्हणजे पाण्याखाली. मध्यरात्रीनंतर एक बोट गल्लीच्या तोंडाशी आली. सगळी गच्ची ओरडली, माणसांनी ओरडून ओरडून घसे बसवले, पण पाऊस आणि बोटीची मोटर यात माणसाचा आवाज जातो किती लांब? बोट पुढे गेली. आई सकाळपर्यंत ओल्या साडीत, ऑगस्टमध्ये, कुडकुडत. लोकांना वाटतं थंडी वाजायला हिमालय लागतो. वय झालेलं माणूस ओलं असेल आणि वर वारा असेल तर बडोद्याच्या पावसातही अंगातली ऊब हळूहळू जाते, हे आपल्याला अबूच्या गिर्यारोहणाच्या कोर्सला सरांनी किती वेळा सांगितलं होतं आठवतंय ना. आणि मी इकडे, पूल बंद, गुडघाभर पाण्यात कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत होते.

त्यानंतर मी तो बटवा केला. माळ्यावर तुझी ती कॅम्लिनची कंपास पेटी सापडली होती, अबूच्या वेळची, जंगलात अडकलो तर लागेल त्या सामानाची, टेप गुंडाळलेली. उघडली. गळ, नायलॉनचा दोरा, फासे लावायची तार, तारेची करवत, मेणात बुडवलेल्या काड्या, बटणाएवढं होकायंत्र आणि पोटॅशियम परमँगनेटची कुपी जी गळून सगळं जांभळं झालेलं. शुभे, रतनमहालच्या जंगलात तू ससा धरणार होतीस? अस्वलांच्या अभयारण्यात? मी तेव्हाही म्हणत होते की दोन दिवस उपाशी राहून आपल्यापैकी कुणी मरत नाही, पण अंधारात पाय घसरून मरतं, आणि तू मला भित्री म्हणालीस आणि परतीच्या एस.टी.पर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. मी अजून त्याच मताची आहे. आणि तो लिटरभर पाणी मावतं म्हणून आणायला लावलेला निरोधचा प्रकार! रावपुऱ्यातल्या केमिस्टने तुझ्या बाबांची तब्येत विचारली तेव्हाचा तुझा चेहरा मला आज लिहितानाही दिसतोय, मी एकटीच हसतेय.

पण एक गोष्ट तुझीच बरोबर होती, ती म्हणजे पेटी अंगावर पाहिजे. सॅकमध्ये नाही, गाडीच्या डिकीत नाही. जे अंगावर असतं तेवढंच आपलं, हे तू माचीवर म्हणाली होतीस आणि मी ते आईच्या बाबतीत धरून बसलेय. म्हणून मोठी बॅग केलीच नाही. आजीचा तो खणाचा बटवा होता ना, नाडीवाला, त्याला आतून प्लॅस्टिकची झिपवाली पिशवी घातली. सगळा मिळून पाव किलोच्या आसपास.

सगळ्यात आधी शिट्टी. ही मी शोधून शोधून आणली कारण आपल्या पी.टी.वाल्या शिट्टीत मणी असतो, कॉर्कचा असला तर भिजला की फुगतो आणि शिट्टी मुकी होते. ही बिनमण्याची आहे, प्लॅस्टिकची, पाण्यातून काढून लगेच वाजवली तरी वाजते, मी बादलीत बुडवून बघितलं. तीन वेळा वाजवायची, थांबायचं, परत तीन वेळा. दम लागलेल्या माणसाला पण शिट्टी वाजवता येते गं, ओरडता येत नाही. त्या रात्री गच्चीवर ही एक वस्तू असती तर बोट वळली असती असं मला मनापासून वाटतं.

मग डोक्याला लावायचा छोटा टॉर्च. हात मोकळे पाहिजेत, एका हातात कठडा आणि एका हातात साडी धरणाऱ्या बाईला तिसरा हात कुठला. सेल मी आत घालून ठेवत नाही, अल्कलाइन सेल पडून पडून गळतात आणि स्प्रिंग खाऊन टाकतात, म्हणून वेगळे, सुक्या पुडीत. आता यावर तू म्हणशील अंधारात सेल घालत बसेल का ती? म्हणून दुसरा एक किल्लीच्या रिंगचा बारका टॉर्च, दाबला की लागतो, तो पहिल्या सेकंदासाठी.

गोळ्या आठवड्याच्या. सुट्या नाही, स्ट्रिपसकट कापलेल्या, नाव आणि तारीख वाचता येईल अशा, कारण मदत करणारा पोरगा कोण असेल आणि त्याला काय कळणार ही पांढरी गोळी कशाची. सोबत प्रिस्क्रिप्शनची आणि आधारची कॉपी लॅमिनेट करून, मागे पेनाने नंबर, माझा, ह्यांचा, तुझा पण आहे, आणि ११२. नंबर कुणाला पाठ नसतात आता. शंभरच्या आणि पन्नासच्या नोटा, कारण टॉवर गेला की यूपीआय गेलं. फोन लागत नसेल तर मेसेज टाक असं तिला शिकवलंय, कॉल जात नाही तिथे मेसेज पुष्कळदा सरकतो. पॉवरबँक बटव्यात नाही, जड होतो, तो उशाशी, आणि त्यावर १०,००० लिहिलेलं असतं म्हणून तेवढं सगळं फोनमध्ये जात नाही, साधारण सहा-साडेसहा हजार धर.

पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या. यात एक भानगड आहे, काही गोळ्या लिटरला एक असतात आणि काही वीस लिटरच्या कळशीला एक, पाकिटं दिसायला सारखीच. मी पट्टीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय. अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात गोळीचा जोर मातीतच जातो म्हणून आधी गाळायचं, आणि गाळायला, शुभे, जुनी सुती साडी! बांगलादेशात मतलब नावाच्या भागात बायकांना साडीच्या घड्या करून पाणी गाळायला लावलं तर कॉलरा जवळजवळ निम्मा झाला, २००३ मध्ये ते छापून आलं. नवी साडी नाही, धुऊन धुऊन सूत फुललेली जुनीच चांगली गाळते. हे आईला सांगितल्यावर मात्र ती खुलली, म्हणाली माझी आई हेच करायची, तुम्ही शिकून काय नवीन सांगता. गोळी काय आणि साडी काय, पाण्यात डिझेल किंवा कारखान्याचं काही मिसळलं असेल तर ते याने निघत नाही, तिथे पाणी टाकूनच द्यायचं, हे पण सांगितलं.

बाकी ओआरएसची पुडी, चंदेरी ब्लँकेट (नासावाल्यांनी काढलं ते, घडी केलं की रुमालाएवढं), कचऱ्याची मोठी काळी पिशवी डोक्यासाठी भोक पाडून घालायला, बँडेज, खजूर. चाकू नाही. तू चिडशील. त्या सात इंची सुरीवरून आपण मरेपर्यंत भांडू, पण आईला नेलकटर पुरतं.

आता खरी काळजी. बटवा भरलेला राहतच नाही. खजूर एकादशीला संपले. शिट्टी वरच्या भाभींच्या नातवाला दिली, "रडत होता गं." दुसरी आणली. गोळ्या संपल्या म्हणून बटव्यातल्या काढल्या आणि परत ठेवल्या नाहीत, हे तर तीनदा. शंभराची नोट भाजीवाल्याला. मी ओरडले तर म्हणते, घरात वस्तू असताना माणूस बाजारात का जाईल? आणि त्या दिवशी एकदम म्हणाली, "रोज उशाशी पुराची तयारी ठेवायची म्हणजे पुराला बोलावणं पाठवल्यासारखं आहे." तिथे मी गप्प झाले. बाबांच्या वेळी पण आयसीयूची बॅग भरायला घेतली तेव्हा हेच म्हणाली होती.

मग आमच्यात एक तह झाला तो असा की दर संकष्टीला बटवा उघडायचा. चंद्राची वाट बघत बसलेलीच असते, तेवढ्यात गोळ्या फिरवायच्या, जुन्या खायला काढायच्या, नव्या आत, सेल बघायचे, शिट्टी एकदा वाजवायची. दोन संकष्ट्या झाल्या, नीट चाललंय. शिट्टी वाजली की वरचा नातू खाली पळत येतो आणि मोदक खाऊन जातो, तर आता तिला त्यात गंमत वाटायला लागलीये. विश्वामित्रीतल्या मगरींचं निघालं तेव्हा मला विचारते, "मगरीला ऐकू येते का गं शिट्टी, नाहीतर तीच यायची आधी." मी म्हटलं आई, तू वर गच्चीवर वाजवणार आहेस. पण खाली रात्री पाण्यात उतरायचं नाही ते मगरीसाठी आणि उघड्या गटारांसाठी दोन्हीसाठी, आणि घोट्याच्या जरा वरचं वाहतं पाणी पण माणसाला पाडतं, हे तिला पटलंय.

पटत नाहीये ते फक्त अंगावर ठेवायचं. खुंटीवरून हलवायला तयार नाही. तिच्या गाऊनला मी आतून खिसा शिवून घेतला, रमीलाबेनकडून, बटन लावून. त्यात शिट्टी, तो बारका टॉर्च आणि दोन दिवसांच्या गोळ्या, एवढंच, बाकी बटवा राहू दे देवघरात. अजिबात जड नाही. पण म्हणते झोपताना टोचतं. टोचत नाही गं, मी स्वतः तो गाऊन घालून झोपून बघितलं. तिला अभद्र वाटतं, टोचणं हे निमित्त आहे. आणि जरोदहून एनडीआरएफवाले, ते पुरात बोटी घेऊन माणसं सोडवणारे, येतात की, मग कशाला, असं पण म्हणते. येतात, जीव तोडून काम करतात, ते मी डोळ्यांनी बघितलंय, पण ते पोचेपर्यंतचे तास तिचे एकटीचे आहेत ना.

इकडे माझ्याकडे राहायला ये म्हटलं तर चातुर्मासात घर बंद ठेवत नाहीत. ते मी सोडून दिलं.

तुझं काय. लेकीची ॲडमिशन झाली ऐकलं, फार फार आनंद झाला, हॉस्टेल मिळालं का? ठाण्याचं घर लागलं का नीट? सासूबाईंच्या मोतीबिंदूचं झालं असेल एव्हाना. फोटो पाठव. दिवाळीत येणार असशील तर लीलो चिवडा मी आणून ठेवते, आणि शेव उसळीला आपण दोघीच जाऊ, नवरे नकोत.

तर काम असं आहे. आईला तू फोन कर. माझं ऐकत नाही पण तुझं ऐकते, तू तिची आवडती, मी नुसती मुलगी. दुपारी चारनंतर कर, चहा झाला की, त्याआधी झोपेत असते. मी सांगितलं असं म्हणू नकोस. पावसाची चौकशी कर, मग तू माचीवरचं सांग, तू शिट्टी कुठून काढलीस ते सांग, म्हणजे स्वेटरच्या आतल्या खिशातून, सॅक तर दरीत गेली होती. तिला ती गोष्ट पूर्ण कधी कुणी सांगितलेलीच नाही. घाबरली तर घाबरू दे थोडी. आणि खिशाचं तिच्या तोंडून निघालं तर बरं, नाही निघालं तर तू विचार, काकू, तुमच्या गाऊनला खिसा आहे का हो.

पुढच्या आठवड्यात पाऊस धरेल म्हणतायत, म्हणून जमलं तर रविवारच्या आत.

तुझी,
नीला

ता.क. कंपास पेटी मी पुसून ठेवलीये, गळ आणि तार तुझ्या नावाने वेगळी. परमँगनेट मात्र टाकून दिलं, त्यावरून भांडू नकोस. आणि बिनमण्याच्या शिट्ट्या दोन जास्तीच्या आणल्यात, एक कुरिअरने पाठवतेय, लेकीच्या हॉस्टेलच्या किल्लीला लाव.