घाटातल्या मोऱ्या आणि बेडकांची सोयरीक

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की घाटरस्त्यांवर गाड्यांखाली चिरडलेल्या बेडकांची छायाचित्रे फिरू लागतात. त्यावर आपल्या पत्रस्तंभात यंदा दोन उपाय सुचवले गेले: रुंदीकरणात तोडलेल्या झाडांच्या बदल्यात सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळपठारांवर, झाडे लावावीत आणि रस्त्यावर सापडलेले बेडूक दूरच्या सुरक्षित जंगलात नेऊन सोडावेत. दोन्हींमागचा कळवळा खरा आहे. पण ज्यांच्यासाठी हे करायचे त्यांचेच त्यात नुकसान होण्याचा संभव असल्याने हे पत्र लिहीत आहे.

चिरडलेला बेडूक निदान दिसतो. रस्त्यापाशी येऊन मागे फिरलेला बेडूक कोणाच्याच मोजणीत येत नाही. एका ओढ्याकाठचा जीव कधीमधी पलीकडच्या ओढ्यावर पोहोचतो आणि तिथे त्याची वीण होते, तेव्हा दोन वस्त्यांमध्ये जनुकांची देवाणघेवाण होते. ही सोयरीक मोठ्या संख्येने जुळावी लागते असेही नाही. पिढीमागे बाहेरच्या एखाद-दुसऱ्या जिवाची वीण झाली तरी दोन वस्त्या फारशा दुरावत नाहीत, असा आनुवंशिकीतला ठोकताळा आहे. तेवढीही उरली नाही, तर लहान वस्तीतले जनुकीय वैविध्य निव्वळ योगायोगाने पिढ्यान्‌पिढ्या झडत जाते. इंग्लंडमधील ब्रायटन परिसरातील साध्या तपकिरी बेडकांवर 1997 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. शहरातील तळी एकमेकांपासून सरासरी दोन-अडीच किलोमीटरवर होती, ग्रामीण तळी चाळीसेक किलोमीटरवर. तरीही आपसांत जास्त वेगळे पडलेले बेडूक शहरातले निघाले, आणि त्यांच्या बेडूकमाशांत व्यंगेही अधिक आढळली. मधल्या जागेत घरे, रस्ते आणि फरसबंदी असली की दोन किलोमीटरसुद्धा बेडकाला न संपणारे ठरतात, कारण त्याच्या उघड्या, ओल्या त्वचेतून पाणी भराभर उडून जाते.

अर्थात प्रत्येक अडथळा माणसाने घातलेला नसतो. अमेरिकेतील मोंटाना व आयडाहो राज्यांत 2005 साली झालेल्या अभ्यासात डोंगरांच्या धारा आणि उंचीतला फरक ठिपकेदार बेडकांच्या जनुकप्रवाहाच्या आड येत असल्याचे दिसले. आपल्या पश्चिम घाटात हेच काम लाखो वर्षे चालू आहे. निलगिरी आणि अण्णामलई यांच्यामधली पालघाटची खिंड सुमारे तीस किलोमीटर रुंद, सखल आणि तुलनेने कोरडी आहे. तिच्या उत्तरेच्या व दक्षिणेच्या डोंगरांत झुडपी बेडकांच्या कित्येक जाती निरनिराळ्या आहेत. आयुष्याचा बहुतेक काळ जमिनीखाली काढणाऱ्या जांभळ्या बेडकाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. 2003 साली ज्याचे वर्णन झाले तो घाटाच्या पश्चिम अंगाचा, नैऋत्य मोसमी पावसात प्रजनन करणारा; 2017 साली वर्णन झालेला त्याचा भाऊबंद पूर्वेकडच्या पर्जन्यछायेतला, ईशान्य मोसमी पावसाची वाट पाहणारा. जिथे विणीचा हंगामच वेगळा, तिथे गाठ पडणार कशी? अशा जुन्या फाटाफुटीतूनच घाटाची समृद्धी घडली आहे. म्हणून इथला बेडूक उचलून तिथे सोडणे मला धोक्याचे वाटते. त्याने स्थानिक गुणांची सरमिसळ होते, आणि उभयचरांच्या त्वचेचा बुरशीजन्य रोग पसरायला वाट मिळते, ती वेगळीच.

आता सड्यांविषयी. आंबोली टोड हा बेडकाच्याच कुळकथेतला, कुशींवर पिवळट पट्टे असलेला लहानसा प्राणी 2009 साली स्वतंत्र जाती म्हणून ओळखला गेला. तो आंबोली परिसराबाहेर फारसा ठाऊक नाही आणि अतिसंकटग्रस्त गणला जातो. पावसाच्या सुरुवातीला जांभ्याच्या उघड्या कातळावर जी वीतभरही खोल नसलेली डबकी साचतात, त्यांत याची अंडी असतात. त्याचा सगळ्यात जवळचा नातलग कोयनेच्या भागात आहे. अशा सड्यावर खड्डे खणून, माती आणून झाडे लावली, तर हिशेबात वृक्षारोपण जमा होईल आणि टोडाचे पाळणाघर खर्ची पडेल. याउलट, त्याच डोंगरातले झुडपी बेडूक पाण्यात अंडी घालतच नाहीत. त्यांच्या अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो आणि त्यांना हवी असते सलग झाडी. एकाच रस्त्याचा अडसर दोघांना सारखा नसतो, हे आराखडा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

माझी विनंती त्या आराखड्यांबाबतच आहे. घाटरस्त्याकडेच्या सिमेंटच्या गटारांच्या भिंती उभ्या असतात. बोटांना चिकट चकत्या असलेला झुडपी बेडूक त्यांतून चढून येतो, टोड मात्र आतच फिरत राहतो. रस्त्याखालून ओढ्याचे पाणी पलीकडे नेणाऱ्या मोरीचे खालचे तोंड, पाण्याने पुढची माती वाहून गेल्यावर, ओढ्याच्या पात्रापासून हातभर वर लोंबकळत राहते. पाणी त्यातून खाली पडते, पण खालचा बेडूक वर येऊ शकत नाही. गटाराची एक बाजू उतरती ठेवणे, मोरीच्या तळाशी दगडमाती राहील इतकी ती रुंद आणि खोलवर बसवणे, तिच्या तोंडाकडे जीव वळवणारा बुटका कठडा दोन्ही बाजूंना घालणे, ही काही परग्रहावरची स्थापत्यविद्या नव्हे. अमेरिकेतील अ‍ॅमहर्स्ट गावात सॅलमँडर या शेपटीवाल्या उभयचरांसाठी रस्त्याखाली असे बोगदे 1987 सालीच केले गेले.

मोरी कुठे हवी, हे मात्र कार्यालयातल्या नकाशावरून ठरवू नये. निविदेपूर्वी निदान एका पावसाळ्यात, पहिल्या सरींच्या रात्रींत, प्राणी कुठून कुठे जातात याची स्थानिक अभ्यासकांकडून नोंद करून घ्यावी आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या वस्त्यांचे जनुकीय नमुनेही घेऊन ठेवावेत. रस्ता झाल्यावर काही वर्षांनी पुन्हा नमुने घेतले, तरच बांधलेल्या मोऱ्यांतून खरोखर कोणी ये-जा करते की नाही, हे कळेल.

आपला विश्वासू,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सावंतवाडी