संजूस पत्र: ३.४२ ठेवायचा की ४.१० घालायचा

ऑरोरा, कोलोरॅडो

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार.

ट्रेलर ओढत इकडे यायचं म्हणून ट्रकच्या ॲक्सलचा गियर रेशो (चाक एकदा फिरायला ॲक्सलकडे येणारा दांडा किती वेळा फिरतो तो आकडा) बदलायचा तुझा विचार आहे. परवा फोनवर तू विचारलंस, "३.७३चा सेट स्वस्तात बसवून देतोय एक जण, करून घेऊ का?" फोनवर मी हो-नाही काहीच म्हटलं नाही, कारण हा विषय आकडे समोर ठेवूनच बोलण्याचा आहे. आज रविवार आहे, सवड आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. तुझ्या ट्रकला ३.७३ घालू नकोस. घालायचा तर ४.१० घाल. तेवढा खर्च नको असेल तर आहे तो ३.४२ राहू दे आणि पैसे दुसऱ्या कामांना लाव. मधल्या पायरीवर पैसे तेवढेच जातात आणि घाटात हाती फारसं काही लागत नाही.

आता कारण. तुझ्या सिल्वेराडोच्या मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊनला, म्हणजे मोठ्या दातेरी चक्राला, ४१ दात आहेत आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला १२. ४१ भागिले १२, म्हणजे ३.४२. पिनियनला ११ दात असले की ३.७३ होतो, १० असले की ४.१०. म्हणजे सगळा खेळ पिनियनच्या एक-दोन दातांचा. ३.४२ वरून ३.७३ वर गेलास तर ओढ ९ टक्के वाढते, ४.१० वर गेलास तर २० टक्के. उघडायचं तेवढंच, मजुरी तीच, बेअरिंगं तीच. मग ९ टक्क्यांसाठी का उघडायचं?

पण टक्क्यांपेक्षा आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, बघ. हिशेब सोपा आहे: ताशी मैल गुणिले ३३६, गुणिले ॲक्सलचा रेशो, गुणिले गियरचा रेशो, आणि भागिले टायरचा व्यास इंचांत. तुझ्या २००६च्या ट्रकचा गियरबॉक्स चारच गियरचा: ३.०६, १.६३, १ आणि ०.७०. मूळचा टायर २६५/७५ आर १६, व्यास ३१.६ इंच. त्या टायरवर, ३.४२ला, ताशी ६५ मैलांना तुझं इंजिन ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे चौथ्यात, १,६५० आरपीएमला फिरतं, तिसऱ्यात २,३६०ला. त्या ५.३ लिटरच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कमाल होतो ४,०००च्या आसपास. म्हणजे ट्रेलर मागे असताना ओव्हरड्राइव्ह तुझ्या उपयोगाचाच नाही, आणि तिसरा सपाटीवर ठीक, पण जरा चढ किंवा समोरून वारा आला की अपुरा. ४.१० घातलास तर तिसऱ्यात त्याच वेगाला २,८३० होतात. तिथे त्या इंजिनाचा आवाज बदलतो, ते खुशीत ओढतं.

ताशी ६५ मी मुद्दाम धरलंय. खास ट्रेलरसाठी बनणाऱ्या एसटी जातीच्या टायरांपैकी पुष्कळांची कमाल वेगमर्यादा तेवढीच असते. तुझ्या ट्रेलरच्या टायरवर काय छापलंय ते आधी वाच.

आता घाट. चार गियरच्या गिअरबॉक्सचं खरं दुखणं दुसऱ्या आणि तिसऱ्यातली दरी आहे, १.६३ वरून एकदम १. चढावर तू ताशी ५५वर आलास की ३.४२ला तिसऱ्यात इंजिन २,००० आरपीएमवर धापा टाकतं आणि दुसऱ्यात ३,२६०ला जातं. मधे काहीच नाही. मग गियरबॉक्स वर-खाली, वर-खाली करत राहतो आणि दर वेळी क्लच घासून तेल तापतं. या गिअरबॉक्सचे तिसऱ्या-चौथ्याचे क्लच मुळातच नाजूक, हे इथला कुठलाही मेकॅनिक तुला सांगेल. ४.१० असला तर ५५ला तिसऱ्यात २,४०० मिळतात, म्हणजे हलका चढ तिथेच निभतो. आणि दुसऱ्यात ३,९००, म्हणजे कमाल टॉर्कच्या अगदी जवळ. ॲक्सल शक्ती निर्माण करत नाही, इंजिनाला शक्तीच्या जागी नेऊन बसवतो एवढंच. पण तुझ्या वाटेवर तेवढ्यानेच फरक पडणार आहे.

कारण तुझी वाट बघ ना. डलासहून अमारिलो, पुढे डॅलहार्ट, क्लेटन, रॅटन, मग आय-२५ हायवेने वर माझ्याकडे. लोक घाटांना घाबरतात, मला विचारशील तर अमारिलोच्या अलीकडचं-पलीकडचं सपाट मैदान जास्त कठीण. तिथे वारा थांबतच नाही, आणि ट्रेलरचा पुढचा पत्रा म्हणजे भिंत. घाट अर्ध्या तासात संपतो, वारा दिवसभर असतो. त्या पट्ट्यात तिसरा गियर धरून निवांत बसता आलं पाहिजे. त्यापुढे रॅटनची खिंड ७,८३४ फुटांवर. आणि मुलांना घेऊन आपण डिलनच्या तळ्याकडे गेलो तर आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर, दोन्ही बाजूंनी ७ टक्क्यांपर्यंतचा चढ. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के शक्ती गमावतं. म्हणजे बोगद्याशी पोचेपर्यंत तुझ्या इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. राहिलेली वापरायची तर आरपीएम हवेतच. आपल्या खंबाटकीत जुने ड्रायव्हर चढ लागायच्या आधीच गियर उतरवून घ्यायचे, तीच रीत इथे. ताशी ४५ने उजव्या लेनमधून शांतपणे चढ, मागे लागलेली रांग बघू नकोस.

उतारावरही ४.१० कामी येतो. बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना दुसऱ्यात इंजिन गाडीला जास्त धरून ठेवतं, ब्रेकवर पाय कमी जातो. त्या उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रेतीचे रॅम्प आहेत, ते उगाच नाहीत बांधलेले.

आणखी एक जागा, जिचा विचार कोणी करत नाही: रिव्हर्स. कॅम्पच्या चढत्या जागेवर ट्रेलर मागे सरकवताना गाडी इंच-इंच हलते आणि इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल उकळतं. तिथे ती २० टक्के जास्तीची ओढ सोन्यासारखी वाटते. शक्य तिथे फोर-लो (चारही चाकांना ओढ देणारा हळू गियर) टाकावं, पण वळताना फोर-लोत कोरड्या डांबरावर गाडी अडकते, तेव्हा मागच्या ॲक्सलनेच निभवावं लागतं.

आता तुझे टायर. फोटोत बघितले, २८५/७५ दिसतात, म्हणजे ३२.८ इंच. दिसायला छान आहेत, पण त्यांनी तुझा ३.४२ खाऊन ३.३० केलाय. ट्रेलर ओढणार असशील तर आधी मूळ मापाचे, दहा प्लायच्या ताकदीचे टायर घाल. टायर तसेही झिजले की बदलायचेच आहेत, आणि त्यात तुझी अर्धी मधली पायरी परत मिळते. मोठे टायर ठेवून ३.७३ घालणं म्हणजे पैसे देऊन जवळपास होतास तिथेच येणं.

कामाबद्दल थोडं तपशिलात लिहितो, कारण इथेच लोक फसतात. आधी ग्लव्ह बॉक्समधल्या कोडच्या स्टिकरचा फोटो काढ. जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. सोबत जी८० असेल तर तुझ्या मागच्या ॲक्सलला लॉकर (एक चाक घसरलं की दोन्ही चाकं एकत्र बांधणारा भाग) आहे आणि तो तसाच ठेवून नवा क्राऊन त्यावर बसतो. पण जुना ट्रक आहे, आधीच्या मालकाने काय केलं असेल सांगता येत नाही. म्हणून मागची चाकं उचलून, कार्डन शाफ्टवर, म्हणजे ॲक्सलकडे येणाऱ्या दांड्यावर, खूण करून चाकाच्या एका फेऱ्याला त्याचे किती फेरे होतात ते मोजून घे.

तुझा ट्रक फोर-व्हील ड्राइव्ह आहे. पुढच्या ॲक्सललाही तोच रेशो लागतो, नाहीतर फोर-व्हील टाकल्याबरोबर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि पुढे-मागे ओढ वाटणारी ट्रान्स्फर केस फुटते. त्या स्वस्त भावात पुढचा ॲक्सल धरलाय का? मला शंका आहे. नवीन बेअरिंगं धरलीत का? सेट नवा आहे की जुन्या गाडीतून काढलेला? क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घासून तयार केलेले असतात. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याची पिनियन चालत नाही. आमच्या इकडे दोन्ही ॲक्सलचा, बेअरिंगांसकट, मला सांगितलेला भाव दोन हजार डॉलरच्या पुढे होता. त्यापेक्षा फारच कमी कोणी सांगत असेल तर काहीतरी वगळलेलं असतं.

कारागिराला हे विचार: पिनियनची खोली कशी बघतोस, बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, किती ठेवतोस, दातांवर पिवळा रंग लावून ते कुठे टेकतात त्याची खूण दाखवशील का? बॅकलॅश साधारण ६ ते १० हजारांश इंच. शिमची, म्हणजे अंतर जुळवायला घालतात ती, एखादी पातळ पत्री इकडची तिकडे झाली की गाडी ठरावीक वेगाला रडायला लागते. माझ्या शेजाऱ्याच्या ट्रकचं असंच झालं, ॲक्सिलरेटर सोडला की शीळ वाजायची. पुन्हा सगळं उघडावं लागलं. चांगला माणूस रंगाची खूण तुला बोलावून दाखवतो आणि तिचा फोटोही देतो. असा माणूस सापडला तर दोन आठवडे थांबायला लागलं तरी थांब.

तुझ्या गाडीचा स्पीडचा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला आहे, त्यामुळे रेशो बदलल्यावर कॉम्प्युटरला ते सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तू ६५ने जाताना काटा ७८ दाखवेल आणि गियर चुकीच्या वेळी पडतील. हे काम दुकानातच करून घे, ट्रक ताब्यात घेण्याआधी.

नवे दात बसल्यावर घाई करू नकोस. पहिल्यांदा पंधरा-वीस मैल हळू चालव आणि पूर्ण थंड होऊ दे. ५०० मैल रिकामी चालवून तेल बदल, त्या तेलात चंदेरी चुरा दिसेल. मग ट्रेलर जोडून आधी थोडे-थोडे मैल, मधे थंड होऊ देत. मेमध्ये निघायचं असेल तर काम मार्चमध्येच उरक.

हे सगळं केल्यावर ट्रकची क्षमता वाढली असं मात्र समजू नकोस. ब्रेक, फ्रेम, हिच (ट्रेलर जोडायचा आकडा), स्प्रिंग सगळं तेच आहे. कंपनीचा जुना आकडा हीच मर्यादा. तुझा ट्रक तर सर्व कंपन्यांनी एक सामाईक कसोटी मान्य करण्याच्या आधीचा. आता ॲरिझोनात डेव्हिस डॅमच्या ११.४ मैलांच्या चढावर, उन्हाळ्यात एसी चालू ठेवून ट्रक पारखतात. २००६मध्ये प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा छापत असे. म्हणून त्या आकड्याच्या खूप आत राहा. तुझी मर्यादा बहुधा ओढण्याची नसणारच, पाठीवरच्या वजनाची असेल. ५,८०० पौंडांच्या भरलेल्या ट्रेलरचा हिचवरचा भार ७०० पौंडांच्या आसपास जातो. त्यात तुम्ही चौघं, सायकली, कूलर. ड्रायव्हरच्या दारातलं स्टिकर वाच आणि एकदा भरलेली गाडी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर चढव. वजन वाटून देणारा हिच, ट्रेलर ब्रेकचा कंट्रोलर आणि गिअरबॉक्सच्या तेलाचा मोठा कूलर, हे तिन्ही रेशोच्या आधी. पैसे सगळ्याला पुरणार नसतील तर हे तिन्ही घे, रेशो पुढच्या वर्षी.

वहिनी म्हणतात तसा नवाच ट्रक घ्यायचा विचार असेल, तर रेशोची एवढी चिंता करू नकोस. दहा गियरच्या गिअरबॉक्सचा पहिला गियर ४.७० आहे. ३.२३ ॲक्सलवरही उठतानाची एकूण ओढ (पहिला गियर गुणिले ॲक्सल) १५च्या वर जाते. तुझ्या ट्रकला ४.१० घातल्यावरही ती साडेबाराच होईल. गियर इतके जवळजवळ असतात की तो दरीचा प्रश्नच उरत नाही. पण तुझा ट्रक चांगला आहे, गंजलेला नाही, कर्ज फिटलेलं आहे. मी तुझ्या जागी असतो तर त्यालाच ४.१० घालून आणखी दहा वर्षं वापरला असता. रिकामा चालवताना पेट्रोल थोडं जास्त पिईल, ते मान्य करायचं.

वहिनींना नमस्कार, मुलांना खूप खूप आशीर्वाद. आई बरी आहे, तुझी चौकशी करत होती.

तुझा,
पद्या

ता. क. स्टिकरचा फोटो आणि त्या दुकानदाराचा लेखी भाव, दोन्ही पाठव. त्याला फोन करण्याआधी मी वाचून बघतो.