वेबीचे पारडे जड नाही, ह्यूईचे हलके आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'डकटेल्स' या डिस्नेच्या बदकांच्या कार्टून मालिकेच्या नव्या अवतारावर आलेला लेख आणि त्यावरची दोन पत्रे वाचली. लेखकाचे म्हणणे असे की नव्या मालिकेने घरात राहणाऱ्या वेबी या मुलीला डोक्यावर बसवले आणि अतिश्रीमंत बदक स्क्रूज मॅकडक याच्या ह्यूई, ड्यूई, लुई या तिन्ही भाचरांना तिच्या मागे रांगेत उभे केले. पत्रलेखकांचे म्हणणे असे की मुलीला चार कामे दिली तर एवढा गहजब कशाला. भांडण दोन बाजूंचे असले तरी दोघेही वेबीकडेच बघत आहेत. समतोल बिघडला हे खरे. पण तो बिघडला ह्यूईच्या पानावर. का बिघडला, तेही तिन्ही हंगामांची आखणी शेजारी शेजारी ठेवली की दिसते.

आधी जुन्या मालिकेविषयी. ती १८ सप्टेंबर १९८७ रोजी अमेरिकेत सुरू झाली आणि १९९० मध्ये १०० भागांवर थांबली. आपल्याकडच्या पिढीने ती नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीतून पाहिली, आणि 'तेव्हा कसा छान समतोल होता' हे वाक्य त्या आठवणीतूनच येते. प्रत्यक्षात ह्यूई, ड्यूई, लुई ही नावे तीन असली तरी पात्र एकच होते. मूळ इंग्रजीत तिघांचा आवाज रुसी टेलर या एकाच अभिनेत्रीचा, वेबीचाही तिचाच. एकाने वाक्य उचलायचे, दुसऱ्याने पुढे न्यायचे, तिसऱ्याने संपवायचे. ओळखायचे ते टोपीच्या रंगावरून. त्यांच्या मामाला, डोनाल्डला, पहिल्याच कथेत नौदलात धाडून दिले होते. वेबी बाहुली कवटाळून 'मला पण न्या' म्हणत मागून येणारी चिमुरडी, तर तिच्या आजी मिसेस बीकली घर सांभाळणाऱ्या. वाटेकरीच कमी होते, मग वाटणीवरून भांडण कुठून होणार?

१२ ऑगस्ट २०१७ ला नवी मालिका आली तेव्हा तिचे निर्माते मॅट यंगबर्ग आणि फ्रान्सिस्को अँगोनेस यांनी पहिला घाव घातला तो या तिघांच्या एकपणावर. तीन वेगळे नट, तीन वेगळे कपडे, तीन वेगळे स्वभाव. लाल ह्यूई नियमांचा, यादीचा, ज्युनियर वुडचक या बालवीर संघाच्या गाइडबुकचा. निळा ड्यूई आधी उडी मारून मग खाली बघणारा. हिरवा लुई कमी कष्टात जास्त मिळवू पाहणारा. वेबी आता गुप्तहेर आजीने तयार केलेली, दोराचा आकडा फेकून भिंत चढणारी आणि मॅकडक घराण्याचा इतिहास तोंडपाठ असलेली. डोनाल्ड घरात राहिला, स्क्रूज आणि त्याचा वैमानिक लाँचपॅड होतेच, आणि दुसऱ्या हंगामात मुलांची आई डेला चंद्रावरून परतली. मोजा: आजी धरून नऊ जण. भाग साधारण २१ मिनिटांचा, म्हणजे १,२६० सेकंद. सरळ भागाकार केला तर दर डोई १४० सेकंद येतात, तेही खलनायकाला एक सेकंद न देता. त्यामुळे कोणाचे तरी पान कोरडे राहणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. लेखकांनी त्यावर काढलेला तोडगा चांगला होता: दर हंगाम एका भावाचा. पहिला ड्यूईचा, दुसरा लुईचा, तिसरा ह्यूईचा.

आता पहिला हंगाम बघा. त्यात दोन लांब धागे आहेत. एक, ड्यूई आईचा शोध घेतो तो. त्याचे भाग: 'वू-ऊ', 'द ग्रेट डाइम चेस', 'द स्पिअर ऑफ सलीनी', मग मॅकडक किल्ल्याचा भाग आणि शेवटी 'सनचेसर'चा. दुसरा धागा लीनाचा. वेबीची ही मैत्रीण म्हणजे स्क्रूजची वैरीण असलेल्या मॅजिका या चेटकिणीची सावली. तो 'द बीगल बर्थडे मॅसकर'पासून 'द शॅडो वॉर'पर्यंत जातो. लीनाचा धागा वेबीचा स्वतःचाच. पण ड्यूई आईविषयी भावांपासून लपवतो आणि सांगतो तेही वेबीलाच. म्हणजे त्या धाग्यातही ती बरोबरीची भागीदार. दोन्ही मोठ्या धाग्यांत असणारे मूल एकच, वेबी. एकाही धाग्यात नसणारी दोन, ह्यूई आणि लुई. लुईची भरपाई पुढच्या वर्षी झाली.

याला कोणी 'मुलींचा अजेंडा' म्हणते, पण कारण त्याहून साधे आहे. गोष्टीत जुनी माहिती कोणीतरी सांगावी लागते. स्क्रूज सांगत नाही, कारण तो दडवतो आहे. डोनाल्ड सांगत नाही, कारण तो रागावला आहे. मुलांना काही ठाऊकच नाही. उरते वेबी. तिला सगळे पाठ आहे आणि सांगायची हौसही आहे. जिला माहिती आहे ती दर प्रसंगात लागते आणि दर प्रसंगात लागली की तिचे वजन आपोआप वाढते. घरातल्या ज्या एका माणसाला सगळी कागदपत्रे कुठे आहेत ते ठाऊक असते, त्याच्याशिवाय पान हलत नाही, तसे हे.

वाद घालणाऱ्यांची मोठी चूक म्हणजे ते संवाद मोजतात, किंवा पात्र पडद्यावर किती वेळ दिसले ते. त्याने काही कळत नाही. लाँचपॅड भागभर बडबडतो, पण गोष्ट त्याची नसते. डोनाल्डचे चार फुत्कार भाग फिरवून टाकतात. शिवाय डब केलेल्या आवृत्तीत संवादांची लांबी बदलते, म्हणजे मोजमापच डळमळीत. त्यापेक्षा वहीत चार रकाने आखा: हवे कोणाला, ठरवले कोणी, चुकले कोणाचे, किंमत मोजली कोणी. ठिकाण किंवा माणसे बदलली की नवा प्रसंग धरायचा, आणि ज्या पात्रामुळे प्रसंग पुढे सरकला त्याच्या नावावर योग्य रकान्यात एक रेघ ओढायची. एका प्रसंगाला एकच रेघ, नाहीतर सगळ्यांना सगळे मिळते. बहुतेक भागांत दोन कथा समांतर चालतात, त्यांची पाने वेगळी ठेवा. एकत्र मोजले की दुय्यम कथेतले पात्र फुगते. विनोदाला रेघ नाही. सलग पाच-सहा भाग झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका, कारण एकेका भागात कोणी ना कोणी गायब असतेच.

हे चार रकाने कसे भरतात ते पाहायचे तर दुसऱ्या हंगामातला 'टाइमफून' हा भाग घ्या. कष्टाविना खजिना हवा लुईला. गुपचूप काळयंत्र वापरून जुन्या काळातले हरवलेले खजिने उचलून आणायचे ठरवतो लुई. चूक लुईची. काळाचे वादळ उठते, घरातली माणसे एकेक करून नाहीशी होतात आणि ते लुईच्या डोळ्यांदेखत घडते. सगळे निस्तरल्यावर आई त्याला शिक्षा करते. ती नुकतीच घरी आलेली, आईपण नवीन, आणि पहिलीच कडक वेळ ही. त्यामुळे शेवटची रेघ अर्धी तिचीही. जवळजवळ चारही रकाने एका मुलाने भरले, तरी त्या घरातल्या कोणाला 'लुई फार झाला' असे वाटत नाही, कारण किंमत त्यानेच मोजली. पुढे तो जगातला सर्वांत श्रीमंत बदक होतो आणि तेही त्याच्या अंगाशी येते. दुसरा हंगाम म्हणूनच बांधीव वाटतो.

ह्यूईकडे या. पहिल्या हंगामात त्याचा उत्तम प्रसंग आहे 'टेरर ऑफ द टेराफर्मियन्स' या भागात. जमिनीखाली राहणारे जीव गाइडबुकात नाहीत म्हणजे ते नाहीतच, असे तो वेबीला ठणकावून सांगतो. मग भुयारी रेल्वेत अडकल्यावर त्याचा हट्ट गळतो आणि कळते की हे ज्ञान मिरवणे नव्हे, माहीत नसलेल्याची ही भीती आहे. दोन मिनिटांत मुलगा उभा राहिला! यावर एक अख्खा हंगाम उभा करता आला असता. ४ एप्रिल २०२० ला तिसरा हंगाम सुरू झाला तोही वुडचकांच्या भागानेच. त्यात वरच्या दर्जासाठी ह्यूईची स्पर्धा व्हायोलेटशी होते आणि तो हरतो. सुरुवात म्हणून हे हरणे फार चांगले. पण व्हायोलेट कोण? लीनाला जिच्या घराने आपले म्हटले ती, वेबीच्या मैत्रिणींच्या कोंडाळ्यातली. म्हणजे ह्यूईचा प्रतिस्पर्धीही वेबीच्या अंगणातून आला. पुढे 'अ‍ॅस्ट्रो बॉयड'मध्ये तो यंत्रमानव मुलाचा मित्र होतो. भाग सुंदर आहे, पण जखम आहे बॉयडची आणि त्याला घडवणाऱ्या जायरो या संशोधकाची. ह्यूई धीर देतो. चौथ्या रकान्यात त्याच्या नावावर रेघ पडतच नाही.

नियम पाळणारे पात्र लिहायला अवघड का, याचे उत्तरही इथेच आहे. धाडसी पात्र दार उघडते, लोभी पात्र तिजोरी उघडते. नियमवाला 'नको' म्हणतो. 'नको'ने गोष्ट सुरू होत नाही. त्याला काहीतरी इतके हवेसे वाटले पाहिजे की त्यासाठी तो स्वतःचा नियम मोडेल. ते हवेसे असणे लेखकांनी ह्यूईला शेवटपर्यंत नीट दिले नाही.

आणि ते त्यांच्या हातात होते. तिसऱ्या हंगामाचा सगळा शोध वुडचक संघाची संस्थापक इसाबेला फिंच हिच्या रोजनिशीवर चालतो. खलनायक ब्रॅडफर्ड बझर्ड तिचा नातू निघतो, पहिलावहिला ज्युनियर वुडचक, साहसाचा तिटकारा असलेला. म्हणजे ह्यूई पुढे बिघडला तर कसा दिसेल, त्याचा आरसाच! १५ मार्च २०२१ च्या 'द लास्ट अ‍ॅडव्हेंचर'मध्ये शेवटचा घाव या दोघांत पडायला हवा होता. पडला भलतीकडे. वेबीला फाउल या संघटनेने स्क्रूजच्याच पेशींपासून तयार केले होते, तिचे मूळ नाव एप्रिल, आणि एक मंतरलेला कागद स्क्रूजच्या वारसालाच सापडतो म्हणून हा खटाटोप, असा उलगडा झाला. ६९ भागांच्या मालिकेचे शेवटचे मोठे गुपित वेबीचे, आणि ज्याचा म्हणून हंगाम होता तो कडेला.

या उलगड्याने वेबीचेही नुकसान केले, हे लेखकाच्या लक्षात आलेले दिसत नाही. रक्ताचे नाते नसताना ती घरची आहे हीच तर तिची शान होती. इंग्रजीत सगळ्यांना 'अंकल' म्हटले की भागते. मराठीत नाते मांडून बघा. कॉमिक्समधल्या वंशावळीप्रमाणे डेला आणि डोनाल्ड ही स्क्रूजच्या बहिणीची मुले. म्हणजे डोनाल्ड तिघांचा सख्खा मामा, स्क्रूज मामाचा मामा. वेबी स्क्रूजची मुलगी ठरली की ती डेलाची मामेबहीण झाली, आणि तिघा पोरांची चक्क मावशी. कालपर्यंत बरोबरीने खिडकीतून उड्या मारणारी मैत्रीण शेवटच्या भागात मावशी! मराठी प्रेक्षकाला यावर हसू येते ते उगीच नाही.

डोनाल्डविषयी थोडक्यात. डेला परत आली तेव्हा त्याच सुमारास डोनाल्डला चुकून चंद्रावर पाठवले गेले. एक आत, एक बाहेर. बहीण-भावाच्या भेटीचा क्षण लांबवण्यासाठी आणि जागा करण्यासाठी ही युक्ती उघड आहे, आणि ती साधली. नऊ माणसे सांभाळायची तर असे करावेच लागते. 'पॉवरपफ गर्ल्स' या तीन बहिणींच्या कार्टूनच्या २०१६ च्या नव्या मालिकेने नेमके उलटे केले: बुद्धी, माया आणि ताकद अशी तीन पायांची तिवई होती, तिला २०१७ मध्ये ब्लिस नावाची चौथी बहीण जोडली. तिवईला चौथा पाय जोडला की ती डुगडुगते, हे कोणताही सुतार सांगेल.

तेव्हा वेबीचे काही कापून ह्यूईला द्यायची गरज नव्हती. व्हायोलेटशी हरल्यावर गाइडबुकातच खोट आहे असा संशय ह्यूईला आला असता, फिंचच्या रोजनिशीतले एक पान त्याने भावांपासून लपवले असते आणि त्यामुळे ब्रॅडफर्डला वाट मिळाली असती, एवढ्या तीन टाक्यांत चारही रकाने भरले असते. ड्यूईने आई लपवली, लुईने काळयंत्र लपवले. ह्यूईने काहीच लपवले नाही, आणि म्हणून त्याच्याकडे कोणी वळून पाहिले नाही.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखासोबतच्या चित्राखाली 'डावीकडून लुई, ड्यूई आणि वेबी' असे छापले आहे. चित्रात चौघे आहेत. लाल टोपीवाला ह्यूई.

आपला,
एक वाचक, डोंबिवली