नोंद सापडते, रुमाल विस्कटतो

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कचेऱ्यांतल्या, वाड्यांतल्या जुन्या दप्तरांना एकदम भाव आला. शोध व्हायलाच हवा. आक्षेप आहे तो रीतीला. एक शब्द गाठायचा, त्या पानाचा मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि रुमाल (जुने कागद बांधलेला कापडी गठ्ठा) हाताला येईल तसा बांधून टाकायचा, असे सर्रास चालले आहे. गावात कोणते घराणे केव्हा येऊन वसले, कोणते उठून गेले, हे सांगणारे कागद यात कायमचे विस्कटतात.

रुमालातला क्रम हीच निम्मी माहिती असते. इस्ताव्याचा कौल (लागवडीचा करार), त्यानंतरचा वसुलाचा ताळेबंद आणि मग झालेले मिरासपत्र (जमिनीच्या वंशपरंपरागत हक्काचा कागद) असे तीन कागद लागून असले, तर पडीक जमिनीवर चढत्या साऱ्याने आलेला उपरी (कायम हक्क नसलेला कसणारा) पुढे मिरासदार कसा झाला ते सरळ दिसते. तेच कागद ‘मिरासपत्रे’ आणि ‘हिशेब’ अशा वेगळ्या गठ्ठ्यांत गेले की तो दुवा तुटतो, आणि बहुतेक गावांच्या बाबतीत तारखेवरून तो परत जुळत नाही. म्हणून गाठ सोडण्याआधी रुमालाचा फोटो घ्यावा, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घालावा, कोरी पाने आणि पाठकोरे कागदही त्यात धरावेत. बॉलपेन किंवा रबरी शिक्का लावू नये.

थळझाड्यात, म्हणजे गावातल्या थळांच्या (जमिनीच्या मूळ वाट्यांच्या) यादीत, सर्वांत जास्त फसगत होते. थळ ज्या मूळ घराण्याचे, त्याच्या नावाने ते ओळखले जाते. घराणे गतकूळ होऊन (वंश खुंटून किंवा गाव सोडून) जमीन दुसरा कसत असला तरी नाव बदलत नाही. नुसते नाव पाहून ‘आमचे पूर्वज तेव्हा इथे होते’ असा दाखला काढणारे ‘गतकूळ’ हा बारीक अक्षरातला शेरा वगळतात. हे शेरे बऱ्याचदा समासात असतात आणि मोबाइलमधली स्कॅन अॅप नेमका समासच कातरतात. वर पान काळे-पांढरे करतात, त्यामुळे मागाहून वेगळ्या शाईने घातलेली भरही मूळ मजकुरात मिसळून जाते.

तारखांचा घोळ वेगळा. मराठेशाहीतल्या कागदांवरचा सुहूर सन अरबी संख्यानावांनी अक्षरी लिहिलेला असतो आणि एकं आधी येते: ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे ६, ७०, १०० आणि १०००, एकूण ११७६. त्यात ५९९ मिळवले की १७७५ येते. पण हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालते, तेव्हा कागद जानेवारी ते मृग या काळातला असेल तर ६०० मिळवावे लागतात. फसली (महसुली) सनाचा आकडा सुहूरपेक्षा ९ ने मोठा असतो. दोहोंत गल्लत झाली की वंशावळीत बाप मुलाच्या जन्माआधीच मरतो. सबा (७) आणि सबैन (७०), तिसा (९) आणि तिसैन (९०) या जोड्या घाईच्या मोडीत सारख्याच दिसतात. शंका असेल तिथे ‘छ’ पुढचा चंद्र (मुसलमानी महिन्याची तारीख) आणि महिना दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावा.

कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, जात बहुधा एक-दोन अक्षरांत उरकलेली असते. ‘कु’ म्हणजे कुणबी की कुंभार, हे त्याच लेखनिकाची मागची-पुढची पाने वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. एका पानाची नक्कल इथे पुरावा म्हणून लंगडी पडते.

महजरांच्या (गावसभेतल्या निवाड्याच्या कागदांच्या) लिप्यंतरात आणखी एक चूक दिसते. खाली पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचे किंकरे अशा निशाण्या असतात. टंकलेखक त्या जागी ‘सही’ लिहून मोकळा होतो. निवाड्याला गावातली कोणती घरे हजर होती, याचा तो पट असतो. निशाणी काढता येत नसेल तर निदान तिचे नाव तरी लिहावे.

कागद जुना म्हणून अधिक नाजूक, हा समज बरोबर नाही. हातकागद आणि काजळीची शाई दोनशे वर्षे तगते; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला लाकडाच्या लगद्याचा यंत्रकागद आम्लामुळे घडीवर तुटतो. तेव्हा आधी फोटो हवेत ते इंग्रजी अमदानीतल्या रजिस्टरांचे. काजळीची शाई मात्र पाण्याने पसरते, म्हणून ओले फडके लावू नये. मऊ ब्रशने धूळ झाडावी. सेलोटेप आणि प्लास्टिक लॅमिनेशन ही दुरुस्ती नव्हेच. टेपचा डिंक कागदात मुरून पिवळा पडतो आणि लॅमिनेशन पुढे कागदाला इजा न करता काढणे जवळपास अशक्य असते. फाटलेल्या ठिकाणी जपानी टिश्यू आणि पिष्टाची पातळ खळ वापरावी.

१९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, पण बरीच दप्तरे घरांतच राहिली. ती सगळी पुण्याच्या पुराभिलेखागारात आणून टाकावीत असे कोणी म्हणणार नाही. मालकांना ते पटणारही नाही. पण कोणत्या गावात किती रुमाल आहेत, कोणत्या सनांचे, मोडी की बाळबोध, इतकी यादी प्रत्येक तालुक्यात व्हायला काय हरकत आहे? ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर जुने फेरफार आणि सातबारे आले ही मोठी सोय झाली. पण तिथे शोध गाव, दस्ताचा प्रकार आणि क्रमांक यांवरून होतो, माणसाच्या नावावरून नाही. क्रमांक ठाऊक नसलेल्या वारसाला ते बंद कपाटच आहे. समितीच्या कामात हजारो पाने मोडी वाचकांच्या डोळ्यांखालून गेली. तेव्हा फक्त जातीचा शब्द टिपला गेला असेल, तर आता तीच रजिस्टरे पुन्हा उघडून नाव, बापाचे नाव (‘बिन’ किंवा ‘वलद’ नंतरचे), मौजा, सन आणि पान क्रमांक अशी पाच रकान्यांची सूची करावी. त्यासाठी मोडी वाचकाला पानामागे मेहनताना द्यावा, नोंदीमागे देऊ नये. नोंदीमागे पैसे दिले की नको तिथेही नोंद सापडते.

आपला,
एक मोडी वाचक