‘रिलेशन’च्या रकान्यात काय लिहायचं?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही अर्धं पान सप्तरंगी झेंडा, गालाला रंग लावलेली दोन पोरं आणि वर ‘बदलतोय समाज’ असं मोठ्या अक्षरात छापलंत, आणि त्याच अंकात पाचव्या पानावर ‘समलिंगी संबंधातून मित्राचा खून’ अशी चौकट होती. आमच्या घरी तुमचा पेपर सगळ्यात आधी आई वाचते, भिंग घेऊन, हेडलाइनपासून निधनवार्तेपर्यंत काही सोडत नाही, वय ८१. तिनं दोन्ही वाचलं, भिंग पदराला पुसलं आणि मला म्हणाली, ‘काय रे, यातले तुम्ही कुठले?’

म्हटलं, आई, आम्ही दोन्हीतले नाही, आम्ही बँकेच्या लायनीतले. तिला ते लगेच कळलं कारण आदल्या आठवड्यात आमच्या बँकेत तीन चकरा झाल्या होत्या. पण खरं सांगायचं तर मी त्या ‘तुम्ही’वरच अडकलो होतो. मला ती जन्मभर तू म्हणत आलीय, म्हणजे हे तुम्ही दोघांचं होतं, आणि ते तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

तर मी ५४ वर्षांचा, बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो, घर दांडिया बाजारात, आजोबांच्या वेळचं. दुसरा तो ह., गुजराती, मूळचा आणंदकडचा. २००६ पासून आम्ही बरोबर आहोत. आईनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही, फक्त रात्री कुकर लावायच्या आधी ती ‘त्याचं धरू ना?’ एवढं विचारते आणि तांदूळ वाढवते. गल्लीलाही सगळं माहीत आहे. गणपतीत आरतीला तो शेजारी उभा असतो, ताट त्याच्याही हातात देतात, नरसिंहजीच्या वरघोड्याला, म्हणजे देवाच्या वरातीला, तुळशीच्या लग्नात आम्ही दोघं जातो आणि तिथं भेटणाऱ्या मावश्या अजूनही मलाच विचारतात, ‘तुझे लाडू कधी रे?’, त्याला नाही विचारत, आता त्यावरून काय ते समजा. बडोद्यात हे असं आहे, माहीत सगळ्यांना असतं, बोलत कोणी नाही. बरीच वर्षं मला ते सोयीचंच वाटत होतं. ते सोयीचं नाही हे मला पहिल्यांदा फॉर्मवर कळलं.

बँकेत आम्ही जॉइंट खातं उघडायला गेलो. काउंटरवरची मुलगी चांगली होती, भराभर सगळं भरलं आणि एका जागी थांबली, ‘अंकल, रिलेशनमां शुं लखुं?’ ह. म्हणाला, मित्र. ती म्हणाली कॉम्प्युटरमध्ये मित्र येत नाही, आई येतं, वडील येतं, भाऊ, बहीण, नवरा-बायको, मुलगा, मुलगी, आणि मग अगदी मदत करायच्या सुरात, ‘भाई लखी दउं?’, म्हणजे भाऊ लिहून टाकू? मागे लाइन, सगळ्यांचे कान इकडे. पहिल्या दिवशी आम्ही तसेच परत आलो, दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर, तिसऱ्या दिवशी मी खिशात घडी करून कागद घेऊन गेलो. केंद्र सरकारच्या अर्थ खात्याची सूचना, २८ ऑगस्ट २०२४ ची, त्यात स्पष्ट म्हटलंय की समलिंगी जोडीदारांना जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. रिझर्व्ह बँकेनंही त्याच महिन्यात, २१ तारखेला, सगळ्या बँकांना तेच कळवलं होतं. तसं बघायला गेलं तर आधीही कुठल्याही दोन माणसांना जॉइंट खातं उघडायला बंदी नव्हतीच, पण नसलेली बंदी पण काउंटरवर बरोबर आडवी येते, त्यामुळे कागद लागतो. साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, ‘हे कधी आलं?’ म्हणाले, मग मुलीला ‘अन्य’ वर टिक करायला सांगितलं, चार मिनिटांत काम झालं. आम्ही उठताना ते हळूच म्हणाले की याची एक झेरॉक्स मला द्या. कशाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही.

संपादक साहेब, माझी तक्रार एवढीच आहे की हा कागद मला तुमच्या पेपरात नाही सापडला. एका मुंबईच्या मित्रानं व्हॉट्सॲपवर पाठवला. तुम्ही छापला असेल तर तो आईच्या भिंगातून सुटला आणि तिच्या भिंगातून काही सुटत नाही. त्याच सुमारास अन्न खात्यानं राज्यांना सांगितलं की रेशन कार्डासाठी असे जोडीदार एकाच घरातले धरा. आरोग्य खात्यानं कळवलं की जवळचं कोणी नातेवाईक हजर नसेल तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. वाचायला कसंतरी होतं पण आमच्या वयाला रात्री तीन वाजता जाग येते ती असल्याच विचारांनी. हे सगळं दिल्लीहून निघालं आणि खाली रेशन दुकानाच्या, दवाखान्याच्या, बँकेच्या काउंटरपर्यंत पोचता पोचता कुठं मुरलं कोण जाणे. झेंड्याचा फोटो मात्र बरोबर पोचतो.

दवाखान्याचंही सांगतो. मागच्या वर्षी ह.चं हर्नियाचं ऑपरेशन, नाव नाही घेत, शहरातलाच एक प्रायव्हेट दवाखाना. ह. हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर, पूर्ण शुद्धीत, जोक मारतोय, आणि काउंटरवरचा माणूस मला विचारतोय तुम्ही पेशंटचे कोण, ब्लड रिलेशन लागेल. ह. म्हणाला अरे मी जागा आहे, मी सही करतो, तर ते चालेना. शेवटी आणंदहून त्याच्या भावाला बोलावलं, तो येईपर्यंत दीड तास हा उपाशीपोटी तसाच पडून. भाऊ आला, सही केली, माझ्याकडे बघितलं नाही, पण जाताना बायकोनं दिलेला थेपल्यांचा डबा माझ्याच हातात ठेवून गेला.

नंतर एका वकील मैत्रिणीनं सांगितलं की सुप्रीम कोर्टानं २००८ मध्येच हे निकालात काढलंय, त्या केसमध्ये डॉक्टरांनी सज्ञान मुलीऐवजी तिच्या आईची संमती घेतली होती आणि कोर्टानं ती धरली नाही. म्हणजे माणूस सज्ञान असेल, शुद्धीवर असेल तर संमती त्याचीच. तो दीड तास कुठल्या कायद्यात बसत नव्हता, नुसती पद्धत होती. आणि मानसिक आजारासाठी तर २०१७ चा कायदा आहे, त्यात आपला प्रतिनिधी म्हणून कोणाही सज्ञान माणसाचं नाव साध्या कागदावर सही करून देता येतं, रक्ताचं नातं लागतच नाही. हे पण मला तेव्हाच कळलं.

आता थोडं माझ्या धंद्यातलं, कारण मी बघतो की आमच्यातली बरीच मंडळी नॉमिनी केलं की सुटलो असं समजतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. एलआयसीच्या पॉलिसीबाबत सुप्रीम कोर्टानं १९८४ मध्येच सांगितलं की नॉमिनीनं पैसे हातात घ्यायचे, ते जातात कायदेशीर वारसांकडे. आणि आपला जोडीदार कायद्यानं वारस नाही, मग तो २० वर्षं तुमची औषधं आणत असो की ५०. म्हणून मृत्युपत्र करा बाबांनो. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं, कारण आणंदचे भाऊ सगळ्यांनाच असतात. आमच्या दोघांचं झालंय. ह.नं सही केल्यावर पेन माझ्याकडे देत विचारलं, ‘आता तरी लाडू?’

राजकारणाबद्दल जास्त लिहीत नाही, कारण आमच्याबद्दल तिथं जास्त काही होतच नाही. असे संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं आमच्यापुरतं काढलं, १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्नाचा हक्क आम्ही देऊ शकत नाही, ते संसदेनं बघावं, फेरविचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. संसदेत सुप्रिया सुळेंनी २०२२ मध्ये खासगी विधेयक मांडलं होतं, खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं. मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. कोर्टात केस चालू असताना केंद्रानं राज्यांची मतं मागवली होती, तेव्हा राजस्थान, आंध्र आणि आसामनं विरोध कळवला. तेव्हा राजस्थानात काँग्रेस, आंध्रात वायएसआर काँग्रेस, आसामात भाजप. एरवी यांचं पाणी कुठल्या नळानं द्यायचं यावरही एकमत होणार नाही. महाराष्ट्रानं वेळ मागून घेतला, ते अगदी आपल्या स्वभावाला धरून झालं. बँकेच्या कामाला आलेला तो कागद पण त्याच २०२३ च्या केसचा, सरकारनं कोर्टात कॅबिनेट सेक्रेटरीची कमिटी नेमू म्हणून सांगितलं होतं, एप्रिल २०२४ मध्ये नेमली, त्यातून हे निघालं. म्हणजे हरलेल्या केसमधून आमचं खातं उघडलं.

कोणी म्हणेल हे मुंबई-पुण्याचं खूळ, बडोद्यात कुठून आलं. त्यांना सांगायचंय की जरा गाव बघा आपलं. भूपेन खख्खर १९६२ मध्ये मुंबईहून इथं आले ते कायमचे, शिक्षणानं चार्टर्ड अकाउंटंट, म्हणजे आमच्या धंद्यातले, इथल्याच एका कंपनीचे हिशेब बघायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं. १९८१ चं त्यांचं एक चित्र आहे, एक माणूस उघडाच गॅलरीत उभा, आणि समोर बाप, मुलगा आणि गाढव यांची आपल्या सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट चाललीय, गाढवावर कोणी बसायचं ते. ते चित्र लंडनच्या टेटमध्ये आहे, २०१६ मध्ये तिथं त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. पद्मश्री १९८४ ची. पुरुषांवरचं प्रेम त्यांनी चित्रात लपवलं नाही, आणि हे सगळं याच गावात राहून, २००३ मध्ये इथंच गेले. आमच्या गल्लीत चार जणांना विचारा, ‘मोठे आर्टिस्ट होते’ इथपर्यंत येतात आणि मग पाऊस-पाण्यावर जातात.

राजपिपळा पण इथून काही लांब नाही. तिथल्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल २००६ च्या मार्चमध्ये एका गुजराती दैनिकाला मुलाखत देऊन, मी गे आहे असं सांगून मोकळे झाले, तिकडे त्यांचे पुतळे जाळले गेले, आणि घरच्यांनी पेपरातच जाहीर नोटीस देऊन संबंध तोडले. त्यांची लक्ष्य ट्रस्ट त्याच्या कितीतरी आधीपासून इकडे एचआयव्हीचं काम करत होती, ते काम कोणाला दिसलं नव्हतं. मला तो अंक आठवतो, कारखान्याच्या कँटीनमध्ये एकच कॉपी दिवसभर फिरत होती आणि प्रत्येक जण शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या जोरात शिव्या घालून मग कोपऱ्यात जाऊन पूर्ण वाचत होता. ह. तेव्हा आमच्या शेजारच्या युनिटमध्ये होता. त्यानं शिव्या दिल्या नाहीत, नुसती वाचली आणि नीट घडी करून परत ठेवली. मी ते बघितलं. बाकीचं तुम्हाला कशाला सांगू.

आणि संस्कृतीचा मुद्दा काढणाऱ्यांना एवढंच, सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये बडोदा संस्थानात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला, सगळ्या देशासाठीचा कायदा यायला १९५५ उजाडलं. तेव्हा काय दांडिया बाजारात पेढे वाटले नसणार.

तर विनंती अशी की पुढच्या रविवारी झेंडा राहू द्या, एक दोन कॉलमची चौकट द्या, साध्या मराठीत, जॉइंट खात्याची सूचना तारखेसकट, रेशन कार्डाचं, दवाखान्यातल्या संमतीचं, मृत्युपत्राचं, कापून खिशात ठेवता येईल अशी. अक्षर जरा मोठं ठेवा, इथं भिंगवाले वाचक पण आहेत. आणि त्या खुनाच्या बातम्या द्यायच्या तर द्या, पण नवऱ्यानं बायकोला मारलं की तुम्ही ‘भिन्नलिंगी संबंधातून खून’ असं छापत नाही, तेवढं एकदा डेस्कवर बोलून बघा.

माझं नाव-पत्ता सोबत दिलाय, छापू नका. आईची हरकत नाही, मी विचारलं. आणंदच्या भावाच्या मुलीचं डिसेंबरात लग्न आहे, आणि या वेळी आमंत्रण पत्रिकेवर ह.च्या नावापुढे ‘तथा परिवार’ असं लिहून आलंय.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा