स्वमग्न व्यक्तींची प्रगती टक्क्यांत मोजू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २ एप्रिलला जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनाच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून ऑटिझमची लक्षणे, लवकर निदान आणि उपचार यांवर चांगले लेखन प्रसिद्ध होते. निदान झाल्यानंतर त्या मुलाची प्रगती कशी पाहायची आणि कशी नोंदवायची, याविषयी मात्र क्वचितच कोणी लिहिते. विशेष शिक्षिका म्हणून काम करताना मला हा प्रश्न सर्वांत निकडीचा वाटत आला आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या देशात स्वमग्नतेच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी ‘इसा’, म्हणजे इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम, ही सिकंदराबादच्या, बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली मापनी वापरतात. तीत सहा विभागांत ४० मुद्दे असून एखादे वर्तन किती वेळा दिसते त्यानुसार प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण दिले जातात. बेरीज ७० ते १०६ आली तर सौम्य, १०७ ते १५३ आली तर मध्यम आणि त्यापुढे तीव्र स्वमग्नता मानतात, आणि या बेरजेवरूनच प्रमाणपत्रावर दिव्यांगत्वाचे टक्के लिहिले जातात. नजरेला नजर न देणे, ऐकलेलेच शब्द पुन्हा उच्चारणे, एखाद्या आवाजाचा किंवा स्पर्शाचा असह्य त्रास होणे अशा गोष्टी तीत पाहिल्या जातात, आणि प्रमाणपत्रासाठी ते योग्यही आहे. मात्र ती व्यक्ती स्वतःची आंघोळ स्वतः करते का, रस्ता ओलांडते का, दुकानातून वस्तू आणते का, हे त्या ४० मुद्द्यांत कुठेच विचारलेले नाही, कारण मापनीचे ते कामच नव्हे. असे असूनही पालक, आणि कित्येकदा शिक्षकसुद्धा, प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांकडे प्रगतिपुस्तक म्हणून पाहतात. ‘टक्के कमी झाले का?’ असे विचारणारी आई लगोलग ‘चाळीसच्या खाली तर जाणार नाही ना?’ असेही विचारते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार आरक्षणासारखे महत्त्वाचे लाभ ४० टक्क्यांच्या अटीला बांधलेले आहेत, त्यामुळे तिची भीती रास्त आहे. मुलाने वर्षभर खपून शिकलेले काम तपासणीच्या दिवशी ‘त्याला येत नाही’ असे सांगावेसे तिला वाटले, तर तिला बोल कसा लावायचा?

दैनंदिन कौशल्यांसाठी आपल्याकडे जुनी आणि उपयुक्त साधने आहेत, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील व्हाइनलँड येथे १९३५ च्या सुमारास तयार झालेल्या सामाजिक परिपक्वता मापनीचे भारतीय रूप मानसशास्त्रज्ञ मालिन यांनी आपल्या नागपुरात केले आणि त्यात भात नीट कालवून खाण्यासारख्या आपल्या घरातल्या कृती आल्या. मात्र ही मापनी वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंतची आहे आणि तिचा निष्कर्ष ‘सामाजिक वय’, म्हणजे रोजची कामे किती वर्षांच्या मुलाइतकी जमतात, या आकड्यात येतो. पंचविशीतल्या तरुणाच्या कागदावर ‘सामाजिक वय ६ वर्षे’ असे लिहिले, की पुढे घरचे, दारचे आणि कार्यशाळेतले लोकही त्याच्याशी सहा वर्षांच्या मुलासारखे वागू लागतात. त्याला दाढी करायला शिकवायची, पगाराचे पैसे हातात द्यायचे, त्याच्या खोलीत जाताना दार वाजवायचे, हे कोणाच्या मनातही येत नाही.

खरी प्रगती कुठे दिसते, याचे एक उदाहरण देते. आमच्याकडचा एक तरुण दूध आणायला शिकत होता. वर्गात मांडलेल्या दुकानात तो पिशवी घ्यायचा, नोट द्यायचा, सुटे पैसे मोजून घ्यायचा. तपासणी-यादीत या कृतीपुढे ‘स्वतंत्रपणे करतो’ असा शेरा पडला. प्रत्यक्ष डेअरीवर गेल्यावर दुकानदाराने सहज विचारले, ‘गाईचं की म्हशीचं?’ आणि तो कानांवर हात ठेवून तसाच उभा राहिला. मागची रांग वाढत गेली, कोणीतरी ‘सरक बाजूला’ म्हणाले आणि तो रिकाम्या हाताने परतला. त्याला कौशल्य येत नव्हते असे नव्हे. वर्गात शिकलेले दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसासमोर आणि गोंगाटात वापरणे हे स्वमग्न व्यक्तीसाठी वेगळे शिकण्याचे काम असते, आणि आमच्या यादीत त्यासाठी रकानाच नव्हता. पुढे त्याच्या खिशात ‘गाईचे, अर्धा लिटर’ असे लिहिलेले कार्ड ठेवले, गर्दी नसलेली वेळ निवडली आणि दुकानदाराला थोडे थांबायची विनंती केली. कार्ड पुढे करून तो दूध आणू लागला. एकदा गाईचे दूध संपले होते, तेव्हा त्याने म्हशीच्या पिशवीकडे बोट दाखवले. माझ्या मते त्याच्या फाइलमधली सर्वांत मोठी नोंद ही आहे, कारण ते त्याला कोणीही शिकवलेले नव्हते.

म्हणून ‘येते’ आणि ‘येत नाही’ या दोन शेऱ्यांवर मूल्यांकन थांबू नये. विशेष शाळांतल्या तपासणी-याद्यांमध्ये मदतीच्या पायऱ्या नोंदवण्याची सोय पूर्वीपासून आहे: हात धरून, तोंडी सांगून, नुसत्या खुणेने आणि मग आपले आपण. हात धरून होणारे काम सहा महिन्यांनी खुणेवर होऊ लागले, तर ती प्रगती आहे, मग बेरजेत ती दिसो वा न दिसो. या पायऱ्या प्रामाणिकपणे भरल्या जाव्यात आणि त्यांच्याजोडीने ‘कुठे’ आणि ‘कोणाबरोबर’ ही माहितीही लिहिली जावी. घरी सकाळच्या घाईत आईच बटणे लावून देत असेल, तर शाळेतला ‘स्वतंत्र’ हा शेरा तिला खोटा वाटणारच.

मुलींच्या बाबतीत तर हे फार काटेकोरपणे पाहावे लागते. ‘पाळीची स्वच्छता’ या एका ओळीत पॅड लावणे, ते भिजल्याचे लक्षात येऊन बदलणे, कागदात गुंडाळून टाकणे, हात धुणे, हे सारे बंद दाराआड करणे आणि पोट दुखत असेल तर विश्वासाच्या माणसाला कळवणे, इतकी निरनिराळी कामे दडलेली असतात. पॅड लावता येणारी मुलगी दिवसभर तेच ठेवून बसते आणि शेरा मात्र ‘जमते’ असा असतो.

याउलट, ज्याला आपण प्रगती म्हणून टाळ्या देतो त्यातले बरेचसे तपासून पाहावे असे आहे. ‘आता शांत बसतो’, ‘हात हलवत नाही’, ‘सांगितलेले सगळे ऐकतो’ हे शेरे शिक्षकाच्या सोयीचे आहेत. हात हलवल्याने त्या मुलाला गोंगाट सोसता येत असेल, तर ते बंद करून आपण त्याचे काय भले केले? सगळ्यांचे सगळे ऐकणारी व्यक्ती गैरवर्तनालाही विरोध करणार नाही. ‘नको’ म्हणता येणे, विश्रांती मागता येणे, दुखते ती जागा दाखवता येणे ही जीवनकौशल्ये आहेत आणि ती यादीत वरच्या जागी हवीत. बोलता न येणाऱ्यांसाठी चित्रकार्डे आहेत, आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’सारखे मराठीतही चालणारे ॲप आहे. त्यांच्या मदतीने त्या व्यक्तीला स्वतःला काय शिकायचे आहे हे विचारल्याशिवाय कोणतेही मूल्यांकन पूर्ण मानू नये.

अठराव्या वर्षी आणखी एक पेच येतो. कायद्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क तिथे संपतो, शाळा सुटते आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी शाळेच्या कपाटात राहतात. याच सुमारास कित्येक पालक राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे, सज्ञान झालेल्या मुलाच्या कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करतात. ती व्यक्ती कोणते निर्णय स्वतः घेऊ शकते आणि कोणत्या बाबतीत तिला आधार लागतो, हे समितीपुढे ठेवायला वैद्यकीय प्रमाणपत्राखेरीज काहीच हाताशी नसते.

महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. या विभागाने प्रत्येक स्वमग्न व्यक्तीसाठी मराठीत, घरच्यांना वाचता येईल अशी कौशल्य-नोंदवही सुरू करावी, ती शाळा बदलली वा सुटली तरी त्या व्यक्तीकडेच राहावी आणि तिच्यातील नोंदींचा टक्केवारीशी वा सवलतींशी काहीही संबंध राहणार नाही असे लेखी जाहीर करावे, अशी माझी विनंती आहे. एवढी हमी मिळाली तर पालक मुलाला येणाऱ्या गोष्टी लपवणार नाहीत. तोपर्यंत विशेष शाळांनी निदान यंदा शाळा सोडणाऱ्या मुलांच्या फाइलींची प्रत तरी पालकांच्या हाती द्यावी. त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
एक विशेष शिक्षिका, नाशिक