अण्णांची खूण जपणाऱ्या ड्रायव्हरदादांना

ड्रायव्हरदादा,
सप्रेम नमस्कार.

झाशीला आम्हाला सोडून तुम्ही लगेच पुढच्या भाड्याला गेलात. स्टेशनजवळच्या त्या गडबडीत नीट आभारही मानता आले नाहीत. घरी येऊन पंधरा दिवस झाले तरी मन तिथेच अडकलंय, म्हणून हे पत्र, आणि चार लोकांना कळावं म्हणून सगळ्यांसमोर.

आमच्या अण्णांचं वय एक्क्याऐंशी. पाच वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला आणि नजरेचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, त्यामुळे घरात चालता-फिरता येतं. पण अक्षरावर नजर लावली की नेमकं तेच अक्षर नाहीसं होतं. ज्या माणसाने जन्मभर जेवतानाही पुस्तक सोडलं नाही त्याला डॉक्टरांनी सांगितलं, "आता वाचन विसरा," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. वाक्य खोटं नव्हतं. पण ते म्हणताना एकदा मान वर करून बघायला काय हरकत होती?

विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' हे अण्णांचं लाडकं पुस्तक. पेणजवळच्या वरसईचा एक भिक्षुक १८५७ साली घरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघतो आणि थेट गदरात सापडतो. झाशीला वेढा पडला तेव्हा हा माणूस आत शहरात होता. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते छापलं. त्या वाटेने एकदा जायचं हे अण्णांचं फार जुनं स्वप्न. गाडीत पुस्तक उघडलं की मला मळमळतं, म्हणून निघण्याआधी महिनाभर रोज रात्री स्वयंपाकघरात बसून मी ते मोठ्याने वाचलं आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मध्ये कुकरच्या शिट्ट्या आहेत, एकदा दूधवाल्याची बेल आहे. तुम्ही सगळं ऐकलंच आहे.

तरी निघताना माझ्या पोटात गोळा होता. गेल्या वर्षी नागपूरला लग्नाला जाताना असंच एक पुस्तक घेतलं होतं. तेव्हाचे ड्रायव्हर दहाव्या मिनिटाला म्हणाले, "असलं रडगाणं लावलं तर मला झोप येईल," आणि स्वतःची गाणी लावली. मी विनंती केली तर आवाज आणखी वाढला. अण्णा "राहू दे गं" म्हणाले आणि रात्रीपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. कंपनीकडे तक्रार केली, त्यांनी अॅपवर स्टार द्यायला सांगितले.

तुम्ही चाकणच्या आधीच विचारलंत, "आजोबांना कुठल्या कानाने चांगलं ऐकू येतं?" डाव्या, म्हटल्यावर सगळा आवाज मागच्या डाव्या दारातल्या स्पीकरवर वळवून दिलात. तेव्हाच मी निम्मी निवांत झाले होते.

पण मला लिहायचंय ते सेंधव्यानंतरचं.

जेवणं झाली होती. बिजासन घाट चढताना मला डुलकी लागली आणि सेंधव्यापुढे कधीतरी अण्णांनाही. मांडीवर ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं पुस्तक तसंच होतं. वाचता येत नाही, तरी हातात लागतंच त्यांना. तुमच्या हाकेने जाग आली. "आजोबा, नर्मदा आली." खलघाटचा पूल. अण्णांनी हात जोडले. गाडीत शांतता होती. मला वाटलं, फोन बंद पडला. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "तुमचा डोळा लागला तेव्हा ते शिपाई भटजींना गदर होणार म्हणून सांगत होते. तिथंच थांबवलंय. दोन मिनिटं मागे घेऊन लावू का?"

आरशात तुम्ही अण्णांकडे बघत होतात तर! त्यांची मान कलली तसं स्टिअरिंगवरचं बटण दाबलंत आणि तासभर मुकाट्याने गाडी चालवलीत. गाणी नाहीत, फोन नाही. पुढे काय झालं हे तुम्हालाही ऐकायचं होतं. नंतर तुम्ही अण्णांना महूपर्यंत जे प्रश्न विचारलेत त्यावरून ते मला कळलंच.

दादा, डोळस माणूस पानात खूण ठेवतो. ऐकणाऱ्याला झोप लागली की पुस्तक त्याला मागे टाकून निघून जातं. जाग आल्यावर आपण कुठे होतो ते त्याने कुणाला विचारायचं? घरात आम्ही विचारतो, "लावू का पुढे?" अण्णा ओशाळून "लाव" म्हणतात, आणि निसटलेलं निसटलेलंच राहतं. पाच वर्षांत हे माझ्या, त्यांच्या पोटच्या मुलीच्या, ध्यानात आलं नव्हतं. तुमच्या आलं. "वाचणाऱ्या माणसाला असं नाही चालत, मध्येच पान गेलेलं," एवढंच तुम्ही म्हणालात. पाच वर्षांनी कुणीतरी अण्णांना वाचणारा माणूस म्हणालं. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या चष्म्याचा त्यांना आता काही उपयोग नाही.

मोठं मन म्हणतात ते मला त्या तासाभरात दिसलं.

झाशीचा किल्ला अण्णांना चढवला नाही. खालच्या तटाला हात लावून बराच वेळ उभे राहिले. तुम्ही निघालात तेव्हा पुस्तकात वेढा ऐन भरात होता. जाताना तुम्ही विचारलंत, "भटजी घरी पोचतात का हो?" अण्णांनी काही सांगितलं नाही, नुसते हसले.

राहिलेले सहा भाग तुमच्या मोबाइलवर पाठवलेत. सवडीने ऐका. रोज संध्याकाळी चहा घेताना अण्णा मला विचारतात, "दादा कुठवर आले गं?"